खान्देशात राहणं कसं आहे? आपापला दिवस सांगा

पुणं सोडून जळगावला परतलो त्याला दोन वर्षं झाली. तिकडचे मित्र अजून एकच विचारतात, "मे महिन्यात जगता कसे?" जगतो बुवा. केळी, कापूस, डाळमिली, सराफ बाजार. ऐकणाऱ्याला आपण श्रीमंत वाटतो. पण नळ कधी येतो, रात्री कुणाला बरं नसलं तर कुठं नेता, घरात कुठली बोली चालते, ते लिहा. उत्पन्नाचे आकडे नकोत. गावाची तारीफही बेतानंच.

रावेर तालुका, केळीवाला

बाहेरचा पाहुणा आमच्याकडे आधी बंगले बघतो, मग गाड्या. दोन्ही खरं आहे. वडिलांच्या वेळी विहिरीवर बाग व्हायची, आता बोअर करताना पाणी लागेपर्यंत घरातलं कुणी धड बोलत नाही. ठिबक नसतं तर आमची बाग कधीच मोडली असती.

शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी, बूट आणि सापाची धास्ती. आणि मे-जूनचं वादळ! अर्ध्या तासात घडासकट खोडं आडवी. त्या रात्री चूल पेटत नाही, सकाळी पंचनाम्यासाठी फोन सुरू. वाचलेल्या मालाला व्यापारी म्हणतो, "माल हलका आहे." तयार केळी झाडावर थांबत नाही, हे त्याला आपल्याइतकंच ठाऊक असतं.

पैशापेक्षा दुसरंच लिहायचं होतं. धाकटा भाऊ 33 वर्षांचा, 12 एकर बाग सांभाळतो. स्थळं येतात, चहा घेतात, विचारतात, "पुण्यात फ्लॅट आहे का?" बाग बघायला कुणी उठत नाही.

भुसावळ

वडील रेल्वेत, बालपण क्वार्टरमध्ये. एका बाजूला तमिळ घर, दुसऱ्या बाजूला बिहारचं. आमची वरण-बट्टी तिकडे जायची, त्यांचं इडलीचं पीठ इकडे यायचं. भाषेवरून भांडण झालेलं मला आठवत नाही, पाण्यावरून झालेली आठवतात. उन्हाळ्यात अकरानंतर रस्ते ओस, पाचनंतर परत गाव जागं. रात्री गच्चीवर गाद्या. पारा 45 वर गेला की कूलरही गरम वारा फेकतो. मुंबईची गाडी मात्र रात्री धरली की सकाळी दादर. एवढं सुख पुष्कळ गावांना नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, पाणीपट्टी तिथंच भरायची आहे

आमच्याकडे नळ आठव्या दिवशी. पोरीच्या लग्नाची तारीख ब्राह्मणानं काढली, पण नक्की केली नळाची पाळी बघून.

धडगाव, शिक्षिका

वरचं वाचलं. तुमचं नि आमचं खान्देश एकच आहे का, असं कधी कधी वाटतं. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आमच्या पालकांना जिल्ह्याच्या कामासाठी धुळं गाठावं लागायचं, डोंगर उतरून. आता रस्ते पुष्कळ झाले, पण सगळ्या पाड्यांना नाहीत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईला बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणली. बाळ वाटेतच झालं. दोघंही ठीक आहेत. ती मुलगी आता पाचवीत आहे.

माझी मुलं घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठीत. पहिलीला मी मराठी शिकवते आणि ती मला पावरी. माझं पावरी अजून कच्चं आहे, वर्ग खूप हसतो. दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे, आईबाप ऊसतोडीला. होळीला मात्र सगळे परततात, ढोल रात्रभर. त्यानंतर कैऱ्या सोलून, वाळवून आमचूर. आठवडाभर उन्हात राबून केलेल्या आमचुराला बाजारात मिळणारा भाव ऐकला की शहरातल्या पुडीवरची किंमत वाचवत नाही.

धुळं

आमच्या गल्ल्यांना नावं कमी, नंबर जास्त. ब्रिग्ज साहेबानं एकोणिसाव्या शतकात सरळ रेषेत आखलेलं गाव, त्यामुळे पत्ता सांगणं सोपं. राजवाडे संशोधन मंडळातली शांतता मला कुठल्याही मॉलपेक्षा प्रिय आहे. पण मुलगा पुण्यात आणि मुलगी नाशकात. घरात आम्ही दोघं आणि चार खोल्या.

सुरत, मूळ शिंदखेडा तालुका

आम्ही पोटासाठी इकडे आलो, पण इथल्या लिंबायत भागात रिक्षात अहिराणीतलं "काय चाली ऱ्हायनं भाऊ?" ऐकलं की सुरतेत असल्याचं विसरतो. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाला सुट्टी मिळो न मिळो, गाव गाठतोच. भाऊबंद एकत्र, रोटांचं पीठ, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. त्या एका रात्री आमच्या घरात चाळीस माणसं झोपतात, एरवी आई एकटी. डॉक्टरकडे न्यायला शेजारचा पोरगा आहे म्हणून निभतं.

रावेर तालुका, केळीवाला

धडगावच्या बाई, तुमच्या पाड्यावरचं आमचूर थेट घ्यायला आम्ही पाच-सहा घरं तयार आहोत. गाडी आमची. होळीनंतर कुठल्या दिवशी येऊ ते कळवा.