अनुभव धागा : छंदवेड्यांना पहिल्यांदा जालावर बसवताना

मंडळी, मोडेमच्या खरखरीवर पुष्कळ लिहून झालंय, ते इथे नको. वेब यायच्या आधी किंवा ती नवी असताना तुम्ही एखाद्या छंदिष्टाला त्याच्यासारख्या लोकांपर्यंत पोचवलंत का, आणि गाडी नेमकी कुठे अडली, एवढंच सांगा.

जागा तशा होत्या. १९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी पहिला बुलेटिन बोर्ड (फोनवरून जोडून निरोप वाचायचा-टाकायचा संगणक) सुरू केला, १९८० मध्ये यूझनेट, म्हणजे विषयवार गटांत निरोप टाकायचं जाळं, आलं, आणि १९८७ च्या सुमारास तिथल्या गटांची फेरमांडणी झाली तेव्हा छंदांना 'रेक' हे वेगळं दालन मिळालं. पण तिथवर हात धरून न्यायला कुणीतरी ओळखीचंच लागायचं.

माझ्यापुरतं सांगतो. टपाल तिकिटं जमवणाऱ्या काकांना मी जोडणी, लॉगिन, सगळं शिकवलं. काका ढिम्म. मग त्यांना कुठलाच पत्ता न लागलेल्या एका शिक्क्याचं वर्णन मीच तिथे टाकलं आणि आलेली उत्तरं छापून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, "ते पासवर्डचं पुन्हा सांग रे." तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : आधी उत्तर दाखवा, वायरी नंतर.

जुना सिसॉप

मी बोर्ड चालवायचो, म्हणजे तिथला सिसॉप, व्यवस्थापक. एकच फोन लाईन, त्यामुळे एका वेळी एकच पाहुणा आणि प्रत्येकाला दिवसाची ठरावीक मिनिटं. या व्यवस्थेतली एक गंमत आता फारशी कुणाला माहीत नसते : आलेला माणूस टाइप करतो ते अक्षर न् अक्षर माझ्या पडद्यावर दिसायचं. नवा माणूस मत्स्यालयाच्या विभागात शिरायचा. 'माझे मासे' एवढं लिहायचा, खोडायचा. 'एक शंका आहे', पुन्हा खोडायचा. मग मी कळ दाबून मधेच गप्पा उघडायचो, 'नमस्कार, मी इथला सिसॉप. कुठले मासे पाळलेत?' काही जण दचकून लाईनच तोडत. पण जे थांबत ते माझ्याशी बोललेलंच जरा नीटनेटकं करून विभागात टाकत. मिनिटं संपत आली की मी वाढवून द्यायचो. तेवढी सत्ता होती हातात!

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट काढलं आणि बोर्ड रात्री एकमेकांना फोन लावून टपाल पोचवू लागले. हे नवशिक्याला आधी सांगावंच लागे, नाहीतर 'सकाळी विचारलं, संध्याकाळपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही' म्हणून स्वारी रुसायची. खरं काम केलं ते ऑफलाइन रीडरने. सगळे निरोप एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायचे, फोन ठेवायचा, सावकाश वाचून उत्तरं लिहायची आणि पुन्हा जोडून पाठवून द्यायची. घड्याळ डोक्यावर नसलं की भिडस्त माणसंसुद्धा पानंच्या पानं लिहितात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुर्बीणवाला

जुलै १९९४. शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ तारखांदरम्यान गुरूवर आदळत होते आणि त्यांचे काळे डाग लहान दुर्बिणीतूनही दिसत होते. माझ्या ओळखीचे एक सर रोज रात्री त्यांची चित्रं काढायचे. मी त्यांना यूझनेटवरच्या साय डॉट ॲस्ट्रो या खगोलशास्त्राच्या गटातले निरोप वाचून दाखवायचो. तुम्हीही लिहा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तिथे वेधशाळावाले बसलेत, माझं काय घेऊन बसलास!"

पण त्यांच्या वहीत चित्रांशेजारी बारीक अक्षरात वेळा लिहिलेल्या होत्या : कुठला डाग बिंबाच्या मध्यरेषेवर कधी आला. त्या वेळेवरून डागाचं रेखांश काढता येतं आणि त्यासाठी मोठी दुर्बीण लागत नाही. नीट घड्याळ आणि चिकाटी पुरते. आम्ही बसून सगळ्या वेळा जागतिक वेळेत बदलल्या. पहिल्या ओळीत दुर्बिणीचा व्यास, वर्धन आणि हवेची स्थिरता, कारण बाकीचे तसंच लिहीत होते. खाली नुसत्या वेळा. 'मी एक सामान्य हौशी' वगैरे प्रस्तावना सरांनी घातली होती, ती मी काढायला लावली. कुणा अनोळखी माणसाने उलट विचारलं, शेजारचा फिकट डाग याच्या पुढे होता की मागे? सर वही घेऊन धावत आले. त्यानंतर माझी खुर्ची रिकामी राहिली तरी चालत होतं.

अवांतर : पुढच्याच वर्षी हेल-बॉप धूमकेतू सापडला. ॲलन हेल यांनी ईमेल धाडली, मित्राच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्या थॉमस बॉप यांनी चक्क तार केली. तार पोचण्याआधीच ईमेल पोचली होती. नाव मात्र दोघांचंही लागलं.

सुईदोरा

मावशीला क्रोशाच्या मेलिंग लिस्टवर (एकाने धाडलेली ईमेल सगळ्या सभासदांना पोचते ती यादी) घातलं त्याची गोष्ट. दोन पत्ते असतात हे गळी उतरवताना घाम फुटला. एक पत्ता यंत्राचा, तिथे फक्त 'सबस्क्राइब', लिस्टचं नाव आणि आपलं नाव, बास. दुसरा पत्ता माणसांचा. मावशीने यंत्राला सविस्तर पत्र लिहिलं : नमस्कार, मी अनेक वर्षं विणते, आपल्यात सामील व्हायला आवडेल. यंत्राने प्रत्येक ओळीखाली 'आज्ञा समजली नाही' असं लिहून सगळं पत्र परत केलं. "एवढं नीट लिहिलं तरी?" शेवटी दोन्ही पत्ते दोन रंगांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवले.

दुसरी अडचण नमुन्यांची. लोक फुली आणि टिंबांनी चौकटीचे नमुने टाइप करून पाठवत आणि मावशीच्या पडद्यावर सगळ्या ओळी वेड्यावाकड्या. फॉन्ट बदलून कूरियर केला, त्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी. क्षणात फुल्या एकाखाली एक आल्या. "अगं, हा तर हंस आहे!" मग मात्र विचारू नका.

खुरपं

एवढं गोडगोड नव्हतं हो सगळं. यूझनेटवर दर सप्टेंबरात विद्यापीठांतली नवी मुलं यायची, जुनेजाणते थोडे दिवस वैतागायचे, मग सगळे रुळायचे. १९९३-९४ पासून व्यावसायिक सेवांच्या ग्राहकांचे लोंढे सुरू झाले आणि तो सप्टेंबर संपलाच नाही असं लोक म्हणू लागले. मी नेलेला बागकामवाला नेमका त्यात सापडला. गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडतात, काय करू, एवढंच त्याने विचारलं. 'एफएक्यू (नेहमीच्या प्रश्नोत्तरांची यादी) वाचा' याखेरीज एक शब्द मिळाला नाही. गडी पुन्हा फिरकला नाही, आणि मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.

पुढे ज्यांना नेलं त्यांना आधी काही दिवस वाचनमात्र ठेवलं आणि पहिला निरोप चाचणीच्या गटात टाकायला लावला. तिथे काहीही लिहा, ठिकठिकाणची यंत्रं आपोआप पोच पाठवत. रागवायला कुणी नाही.

व्हॉल्व्हमामा

मी मदत घेणाऱ्यांपैकी. जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे) रेडिओ दुरुस्त करतो. भाच्याने सगळं जोडून दिलं, पण पठ्ठ्या माऊस काही सोडेना. "बघ मामा, असं, मग असं, की झालं." काय झालं ते त्यालाच ठाऊक. तो गेल्यावर मी एकटा बसलो आणि लिहिलं : रेडिओ गुणगुणतो, उपाय सांगा. उत्तर आलं : आवाजाची कळ शून्यावर नेली तरी गुणगुण तेवढीच राहते का? राहते, म्हटलं. मग फिल्टर कपॅसिटर गेलेत, आणि हाताशी आहात तर जुने कागदी कपॅसिटरही काढा, ते बदलेपर्यंत वीज देऊ नका. त्यातला एखादा गळका निघाला तर आउटपुटचा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घेऊन जातो.

बदलले. गुणगुण गेली. भाचा पुढच्या खेपेला आला तेव्हा मी दोन बोटांनी दुसऱ्याच कुणाला 'आधी आवाज शून्यावर नेऊन ऐका' असं टाइप करत होतो. त्याने माऊस मागितला. दिला नाही.