ठरलेला हॉलीवूडपट मधेच थांबतो, तेव्हा त्यावर झालेला खर्च आणि त्याची पटकथा कुणाची?

प्रश्न : पडदाप्रेमी

'सुपरमॅन लिव्ह्ज' या कधीच न बनलेल्या चित्रपटावरचा २०१५ सालचा माहितीपट नुकताच पाहिला. दिग्दर्शक टिम बर्टन, सुपरमॅनच्या भूमिकेत निकोलस केज आणि पाठीशी वॉर्नर ब्रदर्स हा स्टुडिओ अशी सगळी जुळवाजुळव झाली होती, पोशाखाच्या चाचण्याही झाल्या होत्या, आणि तरीही १९९८ साली चित्रीकरणाचा पहिला दिवस उजाडण्याआधीच काम बंद पडले. लांब केसांचा केज त्या पोशाखात उभा असलेले छायाचित्र पाहिले, की एवढे सगळे झाल्यावर माघार घेणे परवडते तरी कसे, हा प्रश्न पडतो. माझ्या दोन शंका आहेत. असा खर्च शेवटी कुणाच्या नावावर पडतो? आणि एका स्टुडिओने टाकलेली पटकथा दुसऱ्याने सरळ उचलायला अडचण काय असते?

उत्तर १ : करारनामा

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे. स्टुडिओने पैसे देऊन लिहून घेतलेली पटकथा सामान्यतः स्टुडिओच्या मालकीची होते, ती लेखकाची राहत नाही. स्टुडिओचा रस संपला, तर तो ती 'टर्नअराउंड'मध्ये काढतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती हवी असल्यास त्याने आधीचा विकासखर्च, बहुधा व्याजासह, चुकता करून ती सोडवून न्यायची. लेखक बदलत गेले, की हे ओझे दर खर्ड्यागणिक वाढते, आणि एक वेळ अशी येते, की कल्पना कितीही आवडली तरी तिच्या डोक्यावरचे कर्ज पाहून घेणारा मागे फिरतो.

हा व्यवहार जमला तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'ई. टी.'. स्पीलबर्गचा 'नाइट स्काइज' हा भीतिपट कोलंबिया स्टुडिओकडे घडत होता. त्यातल्या एका मवाळ परग्रहवासीयाचा धागा वाढून निराळीच गोष्ट तयार झाली. ती कोलंबियाला बालिश वाटली आणि युनिव्हर्सल या दुसऱ्या स्टुडिओने घेतली. कोलंबियाने हातचे सोडताना निव्वळ नफ्यातला पाच टक्के वाटा मात्र राखून ठेवला, आणि १९८२ साली 'ई. टी.' तुफान चालला, तेव्हा त्या वाट्याचे मोल सगळ्यांना कळले.

व्यवहार कच्चा राहिला तर काय होते, हे 'वॉचमेन'ने दाखवले. वॉर्नरने चित्रपट पूर्ण करत आणल्यावर फॉक्स या स्टुडिओने जुन्या टर्नअराउंड कराराच्या आधारे न्यायालयात दावा लावला. २००८ च्या डिसेंबरमध्ये न्यायाधीशांचा कौल फॉक्सच्या बाजूने गेला, आणि तडजोड झाल्यानंतरच मार्च २००९ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. बजेट, तारे, प्रदर्शनाची तारीख असे सगळे ठरलेले असताना एका जुन्या कागदाने एवढा मोठा स्टुडिओ अडवून धरला होता.

उत्तर २ : जुना प्रेक्षक

आता खर्चाबद्दल. केज आणि बर्टन यांचे करार 'पे ऑर प्ले' स्वरूपाचे होते, म्हणजे चित्रपट होवो अथवा न होवो, ठरलेले मानधन देणे स्टुडिओला भाग होते. त्यामुळे माघार स्वस्तात पडली नाही. पण पुढे जाणे त्याहून महाग पडेल, असा हिशेब झाला. आदल्याच वर्षी 'बॅटमॅन अँड रॉबिन'ने स्टुडिओचे हात पोळले होते, हेही विसरता येणार नाही. अशा अर्धवट प्रयत्नांचा खर्च पुढे त्याच पात्राच्या नव्या चित्रपटाच्या माथी मारला जातो. २००६ च्या 'सुपरमॅन रिटर्न्स'च्या खर्चाची जी मोठी बेरीज सांगितली जाई, तिच्यात आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचा भारही धरलेला असे.

तुम्ही माहितीपट पाहिला आहे, तेव्हा कोळ्याचा, म्हणजे जाळे विणणाऱ्या स्पायडरचा, किस्सा ठाऊक असेलच. निर्माते जॉन पीटर्स यांनी पटकथाकार केव्हिन स्मिथ यांना घातलेल्या अटींत सुपरमॅनने उडायचे नाही आणि शेवटी एका प्रचंड कोळ्याशी लढायचे, असे होते. सुपरमॅन बारगळला, पण पीटर्स यांचाच 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट' १९९९ साली आला आणि त्यात यांत्रिक कोळी हजर होता. निर्मात्याच्या मनात बसलेली हौस पटकथेपेक्षा चिवट असते, हे मी तेव्हापासून मानतो.

उत्तर ३ : कात्रणवही

वरील दोघांनी कागद आणि पैसा यांविषयी लिहिले आहे, ते योग्यच आहे. परंतु थांबलेल्या कामातून बाकी काय उरते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत उदाहरण दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या कधीच न बनलेल्या 'नेपोलियन'चे आहे. '२००१ : अ स्पेस ओडिसी' १९६८ साली प्रदर्शित झाल्यावर त्याने हे काम हाती घेतले. नेपोलियन आणि त्याच्या भोवतीची माणसे कोणत्या तारखेला कुठे होती, काय करत होती, याची तारीखवार कार्डे खणाखणांच्या कपाटात लावलेली होती. लढाईच्या दृश्यांसाठी रुमानियाने ३०,००० पर्यंत सैनिक माणशी दिवसाला दोन डॉलर दराने देऊ केले होते. एवढ्या लोकांना खरे गणवेश शिवणे अशक्य होते, म्हणून कॅमेऱ्यापासून दूर उभ्या राहणाऱ्या रांगांसाठी कागदी कापडावर छापलेले गणवेश वापरायचे, इतका बारीक विचार त्याच्या टिपणांत आहे.

मग एमजीएम या स्टुडिओने हात आखडता घेतला, १९७० साली याच विषयावरचा 'वॉटर्लू' आपटला, आणि अशा खर्चिक इतिहासपटावर पैसा लावायला कुणी धजेना. कुब्रिकने केलेला त्या काळाचा अभ्यास १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये उतरला. मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रीकरण करण्याचा बेत मुळात 'नेपोलियन'साठीच होता. तो पुढे नासासाठी बनवलेल्या झाइस कंपनीच्या भिंगांच्या साहाय्याने सिद्धीस गेला. त्यामुळे 'नेपोलियन' बुडाला असे म्हणताना माझी लेखणी थोडी अडखळते.

उत्तर ४ : पडदाप्रेमी

सर्वांचे आभार. यातून आणखी एक शंका निघाली. २०२२ साली वॉर्नरने जवळजवळ तयार असलेला 'बॅटगर्ल' गुंडाळला, तो प्रकारही यातच मोडतो का? आणि पटकथा पार बदलली, तर श्रेयनामावलीत नाव कुणाचे लागते?

उत्तर ५ : करारनामा

'बॅटगर्ल'ला मी या रांगेत बसवणार नाही. तिथे चित्रीकरण उरकले होते, आणि प्रदर्शित करण्यापेक्षा करासाठी तोटा दाखवणे स्टुडिओला सोयीचे वाटले. तो हिशेबनिसांचा निर्णय होता, पटकथेच्या टेबलावरचा नव्हे. याच्या नेमके उलट उदाहरणही आहे : स्वस्तातल्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या रॉजर कॉर्मन यांच्या देखरेखीखालचा 'फँटास्टिक फोर' जेमतेम दहा लाख डॉलरमध्ये उभा केला गेला, कारण चित्रीकरण सुरू झाले नसते, तर निर्मात्याच्या हातून त्या पात्रांवर चित्रपट काढण्याचे हक्क निसटले असते. त्याचे अधिकृत प्रदर्शन कधीच झाले नाही.

श्रेयाचा वाद झाला, तर तो लेखकांच्या संघटनेपुढे, म्हणजे रायटर्स गिल्डपुढे जातो आणि लवाद सगळे खर्डे वाचून निवाडा देतो. 'बेव्हर्ली हिल्स कॉप'ची मूळ कल्पना डॅनिलो बाक यांची. डॅनियल पेट्री यांनी ती विनोदाकडे वळवली. मग नायक म्हणून आलेल्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनने तिची निव्वळ मारधाड करून टाकली. तो खर्च स्टुडिओला झेपेना, म्हणून चित्रीकरणाच्या तोंडावर स्टॅलोन बाहेर पडला आणि एडी मर्फी आत आला. १९८४ च्या चित्रपटावर पटकथा पेट्री यांची आणि कथा बाक व पेट्री यांची, असे श्रेय लागले. दोघांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. स्टॅलोनचे नाव त्यात कुठेच नाही. त्याने आपल्या मारधाडीच्या कल्पना बरोबर नेल्या आणि १९८६ च्या 'कोब्रा'त वापरल्या.