फर्म, इन्शुरन्स आणि खोली

ताई, लेकीच्या ब्रिटनमधल्या विद्यापीठांपैकी फर्म (पहिली पसंती) आणि इन्शुरन्स (तिथले ग्रेड हुकले तर राखीव पर्याय) ठरवतानाच खोलीचा विचार करायचा का, असं विचारलंत. हो, आत्ताच करा! ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं पहिल्या वर्षी हॉलमधल्या, म्हणजे वसतिगृहातल्या, खोलीची हमी देतात, पण ती बहुधा फर्म करणाऱ्यांनाच, आणि तीही मुदतीत अर्ज केला तरच. इन्शुरन्सवाल्यांना उरलेल्यातून निवडावं लागतं. म्हणून मग खाजगी हॉलची घाई होते. तिथे सही करण्याआधी करारात 'नो प्लेस, नो पे'ची (प्रवेश मिळाला नाही तर भाडं नाही) अट आहे का, ते नक्की वाचा. ऑगस्टमध्ये निकालात ग्रेड हुकले तर तीच वाचवते. करार साधारण ४० आठवड्यांचा की ५१चा, हेही बघा. गॅरंटर, म्हणजे भाडं थकलं तर भरायची हमी देणारं माणूस, बहुतेक तुम्हीच असाल. स्वयंपाकघर किती जणांत, हा प्रश्न मात्र ओपन डेला, विद्यापीठ बघायला जाल तेव्हा, तिलाच विचारू द्या. राहणार ती आहे.