प्रशासकीय मान्यता मिळाली, तरी वर्गखोल्यांचे काम का सुरू होत नाही?

प्रश्न (पालक, नागपूर ग्रामीण):
आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांना प्रशासकीय मान्यता मिळाल्याचे पत्र मागील वर्षी ग्रामसभेत वाचून दाखवण्यात आले, परंतु अद्याप पायाही खोदलेला नाही. जुन्या खोलीची कवेलू फुटली आहेत आणि पाऊस सुरू झाला की चौथीची मुले दप्तरे छातीशी धरून व्हरांड्यात येऊन बसतात. पैसा नेमका कुठे अडतो?

उत्तर (निवृत्त शाखा अभियंता):
प्रशासकीय मान्यता म्हणजे कामाला दिलेला होकार; तिच्यासोबत पैसा येतोच असे नाही. त्यानंतर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा क्रम असतो, आणि बीम्स या राज्य शासनाच्या ऑनलाइन निधी वितरण प्रणालीवर निधी वितरित झाल्याखेरीज देयक निघत नाही. त्यातही जिल्हा वार्षिक योजनेच्या नव्या तरतुदीतून आधी जुन्या कामांचे दायित्व (द्यायची राहिलेली रक्कम) भागवावे लागत असल्यामुळे नवीन काम मागे पडते. म्हणून ‘निधी आला का’ असे मोघम न विचारता कामाचे लेखाशीर्ष (खर्च ज्या शीर्षाखाली पडतो त्याचा क्रमांक) कोणते, तरतूद किती आणि प्रत्यक्ष वितरण किती, हे विचारावे.

उत्तर (माजी ग्रामपंचायत सदस्य):
लेखाशीर्ष पाहणे खरोखरच आवश्यक आहे. आमच्या सभामंडपाचे काम पंचवीस-पंधरा (2515) या लेखाशीर्षातले, म्हणजे मंत्रालयातील ग्रामविकास विभागाकडून आलेले होते, आणि आम्ही मात्र वर्षभर जिल्हा नियोजन कार्यालयात चकरा मारत राहिलो.

उत्तर (शिक्षिका):
आणखी एक गोष्ट तपासा. जुनी खोली पाडून त्याच जागी बांधायचे असेल, तर तिच्या निर्लेखनाला (वापरातून अधिकृतपणे बाद करून पाडण्याला) आधी मंजुरी लागते. हा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वर गेलाच नसेल, तर निधी असूनही ठेकेदाराला जागा ताब्यात मिळत नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून प्रस्तावाची आणि निधी वितरण आदेशाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तोपर्यंत त्या खोलीत मुलांना मुळीच बसवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. पत्र पुन्हा वाचले. बांधकाम जुन्या खोलीच्याच जागी दाखवले आहे आणि निर्लेखनाचा त्यात उल्लेख नाही. सोमवारी मुख्याध्यापकांसोबत बसून समितीच्या ठरावांची वही पाहतो.