मदत हवी आहे: आईला हिपॅटायटिस सी निघालाय, ॲसिडिटीची गोळी आणि भुईआवळीचा रस चालू ठेवायचा का?

नमस्कार मंडळी, आमचं घर देवगडजवळ, मी नोकरीसाठी पनवेलला असतो. आई ६३ वर्षांची. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून रक्त तपासलं तर अँटी एचसीव्ही, म्हणजे हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी टेस्ट, पॉझिटिव्ह आली. आईने आयुष्यात सोलकढीपेक्षा कडक काही घेतलेलं नाही त्यामुळे लिव्हरचा आजार म्हटल्यावर आधी कोणाचा विश्वासच बसेना. डॉक्टरांनी विचारलं पूर्वी कधी रक्त चढवलेलं का, तर १९९४ ला पिशवी काढली तेव्हा चढवलेलं, आणि रक्तपेढीत सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१ ला, म्हणजे तेव्हाच आलं असणार असं ते म्हणाले. इतकी वर्षं कावीळ नाही, काही नाही, थकायची ती पण आम्हाला वाटायचं वय झालं.

मग आरएनए टेस्ट केली, त्यात व्हायरस सापडला. फायब्रोस्कॅनमध्ये (लिव्हर किती कडक झालंय ते बघतात) सिरॉसिस, म्हणजे लिव्हरवर कायमचे व्रण, नाही हे एक बरं. आता सोफोस्बुविर ४०० अधिक वेल्पाटास्विर १०० अशी एकत्र गोळी दिलीय, रोज एक, १२ आठवडे. अजून सुरू केलेली नाही कारण घरात गोंधळ आहे. आईला ॲसिडिटी जुनी, रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेते, ते डॉक्टरांना सांगायचंच राहिलं. त्यात आत्या परसातली भुईआवळी उपटून रस देतेय, म्हणते लिव्हरला याच्यासारखं औषध नाही, ह्या इंग्लिश गोळ्या कशाला. आणि वहिनीने आईचं ताट-तांब्या वेगळं काढलंय, लहान नातवाला जवळ जाऊ देत नाही, त्याने आई जास्त खचलीय. कोणाच्या घरात हा कोर्स झालाय का? आणि औषध सरकारीत मिळतं का, जवळ कुठे?

चिपळूणची_फार्मासिस्ट: दादा, पॅन्टोप्राझोलचं आजच डॉक्टरांना सांगा. वेल्पाटास्विर पोटात विरघळायला आम्ल लागतं, ॲसिडिटीच्या गोळीने ते कमी झालं की औषध रक्तात कमी जातं. सहसा बंद करायला सांगतात किंवा वेळा बदलून देतात, पण ते त्यांनाच ठरवू द्या. जेलुसिलसारखं पातळ औषध घेत असतील तर तेही सांगा, त्यात चार तासांचं अंतर ठेवावं लागतं. हृदयाचं अमिओडॅरोन चालू असेल तर न विचारता सोफोस्बुविर अजिबात नको, नाडी खूप मंदावू शकते. हिपॅटायटिस बी तपासलंय ना? सी बरा होताना दबलेला बी उसळू शकतो म्हणून कोर्सआधी ते बघतात.

खाडीपलीकडचा: मेल्या, आवशीक आधी तुमच्या पंगतीत जेवूक बसवा, बाकीचा सगळा मगे. ह्यो रोग रक्तातून जाता, ताटातून नाय.

रत्नागिरी_बाबू: वरच्यांशी सहमत. मिठी मारून, एका टोपातलं कालवण खाऊन काही होत नाही. फक्त नेलकटर, ब्लेड, टूथब्रश त्यांचे त्यांचे. माझ्या काकांचा कोर्स झालाय, थोडं डोकं दुखायचं, बाकी मासळीबाजारात रोज हजर. भुईआवळी मी तरी बंद करायला लावेन, कारण रस पिऊन आरएनए निगेटिव्ह झालेला रिपोर्ट मला अजून कोणी दाखवलेला नाही आणि गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात. औषधं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात फुकट आहेत, २०१८ पासून. तुम्हाला ओरोसचं जिल्हा रुग्णालय जवळ, तिथे आधी फोन करून विचारा, सगळे रिपोर्ट घेऊन जा.

अजून एक, कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी परत आरएनए करायची, तीच खरी परीक्षा. अँटीबॉडी टेस्ट पुढे पण पॉझिटिव्हच येत राहते, ते बघून वहिनी परत ताट वेगळं काढेल.

धागाकर्ता: खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, पॅन्टोप्राझोल आत्ता थांबवायला सांगितलंय, बीची टेस्ट उद्या. आत्याला समजवायचं काम बाबांवर सोपवलंय. एकच राहिलं, आई संकष्टी सोडणार नाही, उपाशीपोटी गोळी चालेल का?

चिपळूणची_फार्मासिस्ट: ही गोळी जेवणाआधी-नंतर कधीही चालते, फक्त रोज एकाच वेळी आणि चुकवायची नाही. शुगरचं औषध चालू असेल तर मात्र उपवासाचं डॉक्टरांना विचारा, व्हायरस कमी होताना शुगर खाली येऊ शकते.