पोटभर सुशी, पोटभर खेकडे : बुफेतले तुमचे किस्से येऊ द्या

बंदरकाठ
आज बाजारात मावशी चिंबोरीच्या नांग्या सुतळीने बांधत होत्या आणि मला एकदम साप्पोरो आठवलं. आम्ही तेव्हा टोकियोत, निशी-कासाईला राहायचो. आई-बाबा आले होते, म्हणून फेब्रुवारीत बर्फाचा उत्सव दाखवायला उत्तरेला होक्काइदो बेटावर, साप्पोरोला नेलं. तिथे सुसुकिनो भागात खेकड्यांची 'ताबेहोदाई' हॉटेलं आहेत. ठरलेले पैसे भरा आणि ९० मिनिटांत खेकडे, सुशी, तेंपुरा काय हवं ते हवं तितकं खा. ताराबा (किंग क्रॅब), झुवाई (स्नो क्रॅब) आणि तो केसाळ केगानी, खेकड्यांच्या तिन्ही जाती होत्या.

बाबा म्हणाले, "म्हणजे घड्याळ लावून जेवायचं?" आणि खरंच मनगटावरचं काढून ताटाशेजारी ठेवलं.

आई रेवदंड्याची. तिला कात्री आणि लांब बारीक काटा दिला, तो तिने तसाच परत सरकवला. दात कशाला दिलेत देवाने! आधी कुरकुर, की हे उकडून गार केलेलं, ना आलं-लसूण ना कोकम. मग ताराबाचा एक पाय सोलला तर आत तिच्या बोटाएवढा सलग मांसाचा तुकडा. त्यानंतर गप्प. तिथे सगळीच टेबलं गप्प असतात, खेकडा सोलताना कोण बोलणार. निघताना दारातल्या टाकीत जिवंत ताराबा होते, त्यांच्यासमोर उभी राहून तिने पाय मोजले. "अरे, ह्याचे दोन पाय गेले कुठे? आठच आहेत नांग्या धरून." मला काही सांगता आलं नाही. तिचा शेवटचा निकाल असा : ताराबा दिसायला, केगानी खायला. कवचातला तो गर तिने चमच्याने खरवडून खाल्ला.

तर तुमचेही येऊ द्या. देश कुठलाही चालेल. एकच विनंती, वसाबी (सुशीबरोबरचा तो हिरवा झणझणीत गोळा) चटणी समजून खाल्ल्याचा किस्सा नको. तो प्रत्येकाच्या मित्राचा असतो.

तात्या_नागपूरकर
९० मिनिटं?? आमच्याकडे पंगतीत मठ्ठेवाला आपल्यापर्यंत पोचायलाच तेवढी लागतात बे

शंखशिंपले
आईंचं निरीक्षण जबरदस्त आहे! ताराबा हा खरा खेकडा नाहीच. शंखात राहणारे ते साधू खेकडे असतात ना, त्यांच्या कुळातला. पायांची शेवटची जोडी अगदी लहान असते आणि कवचाखाली दुमडलेली, म्हणून आठच दिसतात. झुवाई खरा खेकडा, त्याचे नीट दहा. त्यांना माझा नमस्कार सांगा.

बंदरकाठ
@शंखशिंपले आत्ता फोन करून सांगितलं. "मग खेकड्याचे पैसे कशाला घेतले?" असं विचारतेय.

मिसिसागाची_सून
आमच्याकडे टोरांटोच्या आसपास ही हॉटेलं पैशाला पासरी. टेबलावर टॅब्लेट, त्यावरून मागवायचं. दुपारचा दर कमी, पण दुपारच्या यादीत साशिमी (भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप) नसतं, ही खरी मेख. शनिवार-रविवार महाग. आणि ताटात उरलं तर तुकड्यागणिक दंड. मग सुरू होते कॉलेजच्या पोरांची कलाकारी. वरचा मासा खायचा आणि खालचा भात रुमालात गुंडाळायचा, मिसो सूपमध्ये बुडवायचा. एकाने तर जॅकेटच्या खिशात नेला होता. भाताची अशी विटंबना बघून मला कसंतरीच होतं हो. आमच्या सासूबाई एकदा आल्या होत्या, त्यांनी पोरांनी टाकलेला सगळा भात आपल्या ताटात ओढून घेतला आणि पर्समधून लिंबाचं लोणचं काढलं.
बाकी नंतर लिहिते, धाकटा उठला

हिंग_जिरे
शाकाहारी लोकांनी काय करायचं या धाग्यावर? :) इथे अमेरिकेत एडिसनला ऑफिसच्या पार्टीत दरवेळी तेच. पूर्ण पैसे भरायचे आणि काकडीचा कप्पा माकी, ॲव्होकॅडो रोल, एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) खाऊन घरी येऊन खिचडी टाकायची. आणि कुणी "मिसो सूप व्हेज आहे" म्हणालं तर ऐकू नका. त्याचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, बहुतेक वेळा बोनिटो माशाच्या सुकवलेल्या कापांचा असतो. इनारी म्हणजे तोफूच्या पिशवीत भरलेला भात, ती पिशवीही बरेचदा त्याच दाशीत शिजवतात. मला हे फार उशिरा कळलं, तोवर इनारीच माझी आवडती. आता विचारून खाते. कोंबूचा म्हणजे समुद्री शेवाळाचा दाशी असेल तर चालतो.

उगाच_एक
@हिंग_जिरे आणि त्या लालपांढऱ्या क्रॅब स्टिक्स? त्यात खेकडा नसतो म्हणे

हिंग_जिरे
खेकडा नसतो पण मासा असतो हो! पोलॉक नावाच्या माशाचा लगदा. आमच्या एका सहकाऱ्याला "खेकडा नाही" एवढंच सांगितलं गेलं आणि तो बिचारा चातुर्मासात चार खाऊन बसला.

शंखशिंपले
कवचवाल्या माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही जपा, चवीसाठी त्यात खेकड्याचा अर्क घातलेला असू शकतो.

वसूलीभाई
माझी पद्धत लिहून घ्या. सकाळी फक्त चहा. पहिली फेरी निव्वळ साशिमी. मग निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा. तळलेलं, नूडल्स, मेयॉनीज थापलेले रोल हे सगळं मालकाने तुमचं पोट भरण्यासाठी ठेवलेलं आहे, तिकडे बघायचंसुद्धा नाही. कोल्ड ड्रिंक नाही, हिरवा चहा. मध्ये मध्ये आल्याचं लोणचं, जीभ साफ.

तात्या_नागपूरकर
@वसूलीभाई तू जेवायला जातो का ऑडिटला

कालवं_खाजणातली
कुरली कधी घ्यायची हे लक्षात ठेवा, पौर्णिमेला नको, आत पोकळ निघते. अमावास्येच्या आसपास भरलेली. आमच्या वेंगुर्ल्यात हे पोरंसुद्धा सांगतील

शंखशिंपले
ताई, कवच टाकून नुकतीच नवी झालेली कुरली पोकळ लागते. चंद्रापेक्षा हातात घेऊन वजन बघा, पोटाकडे दाबून बघा.

कालवं_खाजणातली
दाबून तर बघतेच. अमावास्याही बघते.

पुणेकर_मासेखाऊ
आमच्या घरी शेवग्याची पानं घालून कुरल्यांचा रस्सा करतात, अजून कोणी करतं का?

कालवं_खाजणातली
@पुणेकर_मासेखाऊ हो!! आजी करायची. पण पानं शेवटी घाला, नाहीतर कडवटतात. नांग्या पाट्यावर वाटून त्याचं पाणी गाळून रश्श्यात, ते विसरू नका

उगाच_एक
धागा सुशीचा आहे मंडळी

ओसाकाहून
मी इथेच राहतो, म्हणून थोडं. फिरत्या पट्ट्यावरची सुशी म्हणजे पोटभर सुशी असं भारतातून येणारे पाहुणे धरून चालतात. तसं नाही, तिथे ताटलीमागे पैसे. पट्ट्याची कल्पना योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून सुचली आणि १९५८ साली इथेच, हिगाशी-ओसाकात पहिलं दुकान निघालं. १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनानंतर ती सगळीकडे पोचली. गंमत म्हणजे टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियातली पद्धत बघून जपानात बुफे सुरू केला तोही १९५८ मध्येच.

सुशीचं खरं ताबेहोदाई असतं तिथे बहुतेक ठिकाणी वेळ ठरलेली आणि शेवटची ऑर्डर त्याआधी वीस-तीस मिनिटं. वेट्रेस गुडघ्यावर बसून इतक्या अदबीने सांगते की "अजून काही हवंय का" आणि "आता आवरा" यातला फरक नवख्याला कळत नाही. टाकलेलं अन्न मात्र इथेही चालत नाही.

आणि सामन (सॅल्मन) माशाची निगिरी, जी बुफेत सगळ्यात आधी संपते, ती जपानी परंपरेतली नाही. इकडचा सामन परजीवींमुळे कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सामन इथे विकायला जोर लावला, त्यातून हे आलं. माझ्या घरमालकांच्या आई अजूनही त्याला हात लावत नाहीत, तूना मागतात.

मिसिसागाची_सून
झोपला एकदाचा. @ओसाकाहून मग आम्ही खातो तो कच्चा मासा सुरक्षित असतो ना? काळजीच लागली

शंखशिंपले
परजीवी मारायला मासा आधी गोठवतात. अमेरिकेतल्या एफडीएचं (अन्न-औषध खात्याचं) म्हणणं उणे २० सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून १५ तास. घरचा फ्रीझर बऱ्याचदा तेवढा गार होत नसतो, म्हणून बाजारातून रावस आणून घरी प्रयोग नकोत. पण गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत. बुफेत बर्फावर नसलेलं, कडा सुकलेलं काही दिसलं तर सोडून द्या. ज्या ताटाशी गर्दी आणि जे सारखं भरलं जातं तिथूनच घ्या. गरोदर असाल तर कच्चं टाळा.

वसूलीभाई
म्हणजे गर्दीत घुसायचं. हे मी आधीपासून करतोच

निवांत_वाचक
कुकर होईपर्यंत वाचत बसले. माझा मुलगा अशा ठिकाणी फक्त तामागो खातो, गोडसर ऑम्लेट आणि भात. एवढे पैसे भरून अंडा-भात! नवरा म्हणतो घरी करून दे. करून दिला तर म्हणतो, त्यावर काळा पट्टा कुठेय

हिंग_जिरे
@निवांत_वाचक तो पट्टा नोरीचा, समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पापुद्र्याचा. नोरी कात्रीने कापून पट्टी लावा, खाईल. आमच्याकडे मुलांना वयानुसार अर्धे पैसे तरी असतात. अर्धे पैसे शाकाहाऱ्यांना पण हवेत, मी मॅनेजरला विचारलं होतं. हसला आणि ग्रीन टी आइस्क्रीम आणून दिलं. तसं ते प्रत्येकी एकच.

मिसिसागाची_सून
एकच?? आमच्याकडे आंब्याचं, काळ्या तिळाचं, ग्रीन टीचं, कितीही

हिंग_जिरे
पत्ता पाठवा