पॉइन्सेटिया लाल होत नाही, ते खतामुळे नव्हे

कुणीतरी म्हटलंय की पॉइन्सेटिया (नाताळच्या सुमारास दिसतं ते लाल पानांचं कुंडीतलं झाड) हिरवाच राहिला तर पोटॅश (खतातलं पोटॅशियम) कमी पडतंय. मला नाही पटत. माझ्याकडे ठाण्याला नौपाड्यात एकाच नर्सरीतून आणलेल्या दोन कुंड्या आहेत. माती तीच, पाणी तेच. हॉलच्या बाल्कनीतली जानेवारी आला तरी हिरवीगार, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतली मात्र लालभडक. फरक एकच: बाल्कनीसमोर पालिकेचा एलईडी दिवा रात्रभर जळत असतो.

ह्या झाडाला दिवस किती लहान आहे त्यापेक्षा रात्र किती लांब आणि सलग आहे ते कळतं. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य त्याचा हिशोब ठेवतं. ठाण्यात डिसेंबरची रात्र सुमारे 13 तासांची, म्हणजे पुरेशी. पण मध्येच उजेड पडला की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. रात्र पुरली की शेंड्याला फुलं धरतात (ती मधली पिवळी बोंडुकली, लाल ती पानंच!) आणि भोवतीची नवी पानं हरितद्रव्य कमी, अँथोसायनिन (लाल रंगद्रव्य) जास्त अशी निघतात. आधीची हिरवी पानं हिरवीच राहतात, त्यांच्यावर डोळे लावून बसू नका.

रस्त्यावरच्या देशी बदामाची पानंही अँथोसायनिननेच लाल होतात, पण ती गळायला आलेली म्हातारी पानं. तिथे हरितद्रव्य मोडतं. गोष्ट वेगळी.

यंदा ऑक्टोबरपासून संध्याकाळी 6 ते सकाळी 8 कुंडीवर फ्रिजचं खोकं उपडं घालणार आहे. निदान आठ आठवडे, रोज. बायकोने आत्ताच विचारलंय, गावाला गेलो की खोकं कोण घालणार.